नव्वद चौकटी

फॉल रिव्हरच्या बंद सूतगिरणीत, तिसऱ्या मजल्यावर,
जिथं माझी मावशी बॉबिनं बदलत बहिरी झाली,
तिथं आता आमचं क्लिनिक आहे.
माझं काम ऐकायचं.

इवोनी तावारेस येते. वय वीस.
डोनटच्या दुकानातली पहाटेची पाळी उरकून.
बाहीला साखरेचा वास,
त्याखाली दुसरा.
तो मी ओळखते. मी ओळखते हे ती ओळखते.
दोघी मिळून बर्फाबद्दल बोलतो.

तिला वाटतं, आता कान टोचले जाणार.
मागच्या वर्षी कुणी नर्स म्हणाली होती,
"तुझ्यासारख्या हुशार मुलीनं..."
वाक्य संपेपर्यंत इवोनी बसस्टॉपवर.

मी कॅलेंडर पुढं सरकवते.
तीन महिने, नव्वद चौकटी, दोन स्केचपेनं.
गांजा ओढला तो दिवस हिरवा.
कंडोम राहून गेला त्या रात्री लाल ठिपका.
"कुणाला दाखवणार हे?"
"तुला."

ती रंगवते. जीभ दातांत धरून, शाळेतल्यासारखी.
हा पगाराचा दिवस. हा ल्युसिंडाच्या लग्नाचा.
हा...
हा काहीच नव्हता गं, नुसता मंगळवार.

रेडिएटर ठकठक करतो.
मला केव्हाच दिसलंय. पण मला पगार मिळतो
तो गप्प बसण्याचा.

मग पेन थांबतं.
"पांढऱ्यावर एकही लाल नाही."
भलत्याच कुणाच्या वहीत
स्वतःचं अक्षर सापडावं तशी बघत राहते.
"ओढल्यावर मला नको म्हणायचा कंटाळा येतो.
डेल्टन वाईट नाहीये. तो विचारतो.
मीच म्हणते, असू दे."

असू दे.
केवढासा शब्द. त्यावर अकरा दिवस
तिनं बाथरूमच्या फरशा मोजल्या होत्या
नोव्हेंबरमध्ये, पाळीची वाट बघत.

"आणि न ओढता पडलं ना,
तर डोक्यात रात्रभर फ्रायर चालू राहतो."
याला माझ्याकडं उत्तर नाही. मी तसं सांगते.

"शून्य ते दहा. कमी करावं असं किती वाटतं?"
"चार."
मान खाली. नापास झाल्यासारखी.
"चार? दोन का नाही?"

ती दचकते.
आठ का नाही, याची सगळी उत्तरं
घासूनपुसून आणली होती तिनं.
आता स्वतःच्या चाराची वकिली करावी लागते:
त्या फरशा. एक्स-रे टेक्निशियनचा फॉर्म,
ड्रॉवरमध्ये, अर्धा भरलेला.
बहिणीची चिमुरडी, जी परवा
हिच्या डोळ्यांसमोर हात हलवून म्हणाली,
मावशी, तू आत आहेस का?

बोलता बोलता तिचा आवाज चढतो.
कुणाशी भांडते आहे? मी तर तिच्याच बाजूची.

जाताना काउंटरवरच्या वाडग्यातून
मूठभर कंडोम उचलते,
दोन परत टाकते,
दारापर्यंत जाते,
येते, तेही घेते.

मग वसंत सरेपर्यंत ती आलीच नाही.
मी फोन केला, दोनदा. तिसऱ्यांदा केला नाही,
आणि का केला नाही म्हणून
एक रविवार वाया घालवला.

जूनमध्ये आली. केस कापलेले.
घडी घातलेलं नवं कॅलेंडर खिशातून काढलं,
कोपऱ्यांना तुपकट डाग.
हिरवं बरंच आहे अजून. खोटं कशाला सांगू.
मधूनच पांढरं, तुटक तुटक,
वाळत घातलेल्या हातरुमालांसारखं.
लाल ठिपका एकच.
त्यावर बोट ठेवून म्हणाली, "हा सांगायलाच आले."

एका पांढऱ्या चौकटीत बारीक अक्षरात लिहिलंय:
झोप नाही. टोस्ट खाल्ला. उजाडलं.

मी काही विचारायच्या आत तीच म्हणते,
"साडेपाच.
आणि सहा का नाही, ते विचारू नकोस."

मी कधी विचारलंय?